टीव्हीखालचा क्लाउड

कॉलेज संपताना लायब्ररीचं ‘नो ड्यूज’ आणायला लावतात, आयकार्ड परत घेतात, डिपॉझिटची पावती तीन वर्षांनी शोधायला लावतात. एक गोष्ट मात्र कुणीच सांगत नाही. कॉलेजनं दिलेला तो ई-मेल आयडी आणि त्याच्यासोबत आलेली ड्राइव्ह, जिच्यात आपण पहिल्या वर्षापासून सगळं टाकत आलो, ती आपली नसते. कॉलेजची असते. कधी निकालानंतर, कधी नवी बॅच आत आली की ती बंद होते. सूचनेचा मेल आलाच तर त्याच आयडीवर येतो, आणि शेवटच्या पेपरनंतर तो आयडी उघडतंय कोण?

आमच्या मास कॉमच्या बॅचचं तर सगळं आयुष्यच त्यात होतं. शॉर्ट फिल्मचं रॉ फुटेज, इंटरव्ह्यूचे ऑडिओ, एकांकिकेच्या तालमी. माझी त्यात एक फाइल जास्त होती. रेडिओच्या असाइनमेंटसाठी मी आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. घरात जातं उरलंच नव्हतं, त्यामुळे आजी नुसता हात गोल फिरवत म्हणत होती. चाळीस मिनिटं. मधेच ‘चहा टाकू का गं?’ असंही आहे. असाइनमेंटला तीन मिनिटं लागली, बाकीचं तसंच राहिलं. आजी आता नाही. अशी फाइल कुणाच्या मर्जीवर ठेवायची, हा प्रश्न पडला आणि साताऱ्याच्या घरात टीव्हीखाली सर्व्हर आला.

‘मग गुगल फोटोज आहे की!’ असं आमच्या ग्रुपवर लगेच आलं. आहे ना. मीही वापरते. पण तिथली ‘कितीही टाका, फुकट’वाली योजना १ जून २०२१ पासून बंद झाली. आता मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी. फोन ५० एमबीपीएसनं ४के शूट करत असेल तर मिनिटाला ३७५ एमबी जातात, म्हणजे चाळीस मिनिटांत तुमचं फुकटचं सगळं संपलं. पुढे दरमहा पैसे. आणि ज्या खात्यात दोन वर्षं कुणी फिरकलंच नाही, ते वैयक्तिक खातं गुगल पुसून टाकू शकतं. हा नियम २०२३ च्या डिसेंबरपासून लागू आहे. घरातलं कुणी गेलं आणि त्यांचा पासवर्ड कुणालाच माहीत नसला, तर दोन वर्षं कधी होतात कळतसुद्धा नाही.

वेटरचं काम

‘सर्व्हर’ म्हटलं की डोळ्यांसमोर एसीतली खोली आणि निळे दिवे लुकलुकणारं कपाट येतं. प्रत्यक्षात सर्व्हर म्हणजे कायम चालू असलेला आणि दुसऱ्यांनी मागितली की फाइल काढून देणारा कुठलाही कम्प्युटर. हॉटेलातला वेटर जे करतो तेच. तुम्ही टेबलावरून ऑर्डर द्यायची, त्यानं आतून आणून द्यायचं. टेबल म्हणजे तुमचा फोन, आईचा फोन, बाबांचा टीव्ही.

यासाठी नवीन काही विकत घ्यायची गरज नाही, हे मी आधीच सांगून टाकते, कारण यूट्यूबवरचे भाऊ पहिल्याच मिनिटाला चाळीस हजारांचा डबा दाखवतात. घरात एक लॅपटॉप असतोच: बिजागरी तुटलेली, स्क्रीनवर उभी रेघ, विंडोज उघडेपर्यंत चहा होतो असा. तो चालतो. फक्त फाइली ठेवायच्या असतील तर ४ जीबी रॅमही पुरते, फोटोंचं ॲप टाकायचं असेल तर ८ असलेली बरी. व्हिडिओसाठी प्रोसेसर किती जुना आहे ते बघायचं. इंटेलचा सहाव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असेल (‘आय-फाइव्ह’नंतरचा आकडा सहानं सुरू झाला की सहावी पिढी), तर आजचे फोन ज्या एचईव्हीसी फॉरमॅटमध्ये शूट करतात तो त्याला बऱ्यापैकी झेपतो. रास्पबेरी पाय हे क्रेडिट कार्डाएवढं बोर्डही छानच आहे, पण त्याला स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही आणि मुख्य म्हणजे बॅटरी नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये हे तिन्ही फुकट येतं. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट जायची वेळ ठरलेली नसते, त्यामुळे लॅपटॉपची थकलेली बॅटरीसुद्धा वीस मिनिटांचा यूपीएस म्हणून कामाला येते. राउटर मात्र बंद पडतो. त्याच्यासाठी छोटे यूपीएस मिळतात, फक्त ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघून घ्या.

बॅटरीबद्दल एक गंभीर गोष्ट. लॅपटॉप महिनोन् महिने चार्जिंगला लावून ठेवला की ती फुगू शकते. बायोसमध्ये किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती चालू करा. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला, खालचं झाकण फाकलं, तर लगेच बंद करून दुकानात बॅटरी काढून घ्यायची. ‘बघू पुढच्या आठवड्यात’ करायचं नाही.

बाबांचा पहिला प्रश्न विजेचा होता. माझा लॅपटॉप स्क्रीन बंद असताना १५ वॉटच्या आसपास घेतो. १५ गुणिले २४ तास गुणिले ३० दिवस, म्हणजे महिन्याला १०.८ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर १०८ रुपये. जुना डेस्कटॉप ८० वॉट खात असेल तर हाच आकडा ५७.६ युनिटवर जातो, म्हणून माळ्यावरचा मोठा सीपीयू खाली काढायच्या आधी हा गुणाकार करा.

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी

लॅपटॉपवर मी विंडोज काढून डेबियन टाकलं. लिनक्सचाच एक प्रकार, फुकट, आणि वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालण्याबद्दल प्रसिद्ध. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानं ते १९९३ मध्ये सुरू केलं. डेब्रा या मैत्रिणीचं आणि स्वतःचं नाव जोडून ‘डेबियन’! आपल्याकडे रिक्षाच्या मागे लिहितात, त्यानं ऑपरेटिंग सिस्टिमवर लिहिलं. पेन ड्राइव्हवर उतरवायचं, लॅपटॉप त्यावरून सुरू करायचा आणि विचारेल ते नीट वाचून पुढे जायचं. डेस्कटॉपचा देखावा घ्यायचा की नाही असं विचारतं, तिथे पहिल्यांदाच करताय तर खुशाल ‘हो’ म्हणा. काळ्या स्क्रीनवर शौर्य दाखवायला आयुष्य पडलंय. झाकण मिटलं तरी लॅपटॉप झोपू नये अशी एक सेटिंग असते, ती आठवणीनं बदलायची. राउटरला लॅनच्या वायरनं जोडायचं. आणि राउटरच्या सेटिंगमध्ये त्या लॅपटॉपला एकच कायमचा पत्ता देऊन टाकायचा, म्हणजे तो रोज नव्या खोलीत राहायला जात नाही.

वायरला मी ‘नखरे’ समजायचे, पण गणित बघा. राउटरचं पोर्ट १०० एमबीपीएसचं असेल तर ५० जीबी फुटेज चढायला तासाच्या वर जातो. गिगाबिटचं असेल तर साधारण आठ मिनिटं.

फाइली सगळ्यांना दिसाव्यात म्हणून सांबा नावाचं सॉफ्टवेअर टाकायचं. हेही एका विद्यार्थ्याचंच काम. १९९१ च्या डिसेंबरमध्ये कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला त्याच्या पीसीवरून विभागातल्या मोठ्या मशिनच्या डिस्कवरच्या फाइली हव्या होत्या. तशी सोय देणारं सॉफ्टवेअर काय बोलतं ते त्यानं नेटवर्कवर कान लावून ऐकलं आणि स्वतःचं लिहिलं. पुढे नावाचा वाद आला, तेव्हा त्यानं डिक्शनरीत एस, एम आणि बी ही अक्षरं याच क्रमानं येणारे शब्द शोधले. त्यात ‘सांबा’ निघाला. आज विंडोज, मॅक, अँड्रॉइड सगळ्यांना ही भाषा कळते. फोल्डर शेअर केला की तो आपल्या लॅपटॉपवर साध्या ड्राइव्हसारखा उघडतो.

डिस्क बाहेरची, यूएसबीची चालते. तिला लिनक्सच्या ईएक्सटी४ फॉरमॅटमध्ये घ्या. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं जाणार, तेव्हा आधी ती रिकामी करून घ्यायची.

हे सगळं दोन शनिवार-रविवारमध्ये झालं. खरी अडचण तांत्रिक नव्हतीच. आमच्या घरी झोपायच्या आधी आई सगळी बटणं बंद करत फिरते. टीव्हीचं, मिक्सरचं, वायफायचं आणि ‘हे काय उगाच चालू ठेवलंय’चं. पहिल्या आठवड्यात सर्व्हर रोज रात्री बॅटरीवर जायचा आणि मग गपकन मान टाकायचा. मी पुण्यात, पीजीमध्ये. तिथून कितीही कमांड मारल्या तरी बोर्डाचं बटण वर जात नाही. शेवटी बटणावर चिकटपट्टी लावली, वर माझ्या दहावीतल्या भावानं लिहिलं: ‘आजीच्या ओव्या. बंद करू नये.’ तेव्हापासून ते बटण कुणी हलवलेलं नाही.

आई वापरते का?

घरच्या सर्व्हरची खरी परीक्षा हीच. तुम्हाला सगळं जमतंच. आईला न विचारता जमलं पाहिजे.

फोटोंसाठी इमिच आहे. दिसायला गुगल फोटोजचं जुळं भावंडंच. आईच्या फोनवर ॲप टाकलं, घरच्या वायफायवर आला की फोन आपोआप फोटो सर्व्हरवर पाठवतो. ती त्याला ‘आपलं गुगल’ म्हणते. जुने फोटो गुगलकडून परत घ्यायला ‘टेकआउट’ नावाची सोय आहे. तिथून झिप फाइलींचा ढीग येतो, आणि फोटोंसोबत तारखा-ठिकाणांच्या वेगळ्या छोट्या फाइली असतात. त्या फेकू नका! नुसते फोटो उचलले तर काही फोटोंच्या तारखा हरवतात आणि २०१६ ची सहल आजची दिसते. कॉलेजच्या खात्यालाही टेकआउट लागू होतं, अर्थात कॉलेजनं ते बंद ठेवलेलं नसेल तर. आयडी जिवंत आहे तोवरच हे करता येतं, म्हणून शेवटच्या सेमिस्टरवाल्यांनी सर्व्हर नंतर करा, टेकआउट आज करा.

व्हिडिओंसाठी जेलिफिन. एम्बी नावाच्या सॉफ्टवेअरनं आपला कोड झाकून ठेवायला सुरुवात केली, तेव्हा नाराज मंडळींनी २०१८ मध्ये त्याची मोकळी आवृत्ती वेगळी काढली, ती ही. प्लेक्स जास्त प्रसिद्ध आहे, दिसतंही देखणं, पण घराबाहेरून आपलेच व्हिडिओ बघायला त्यांनी २०२५ च्या एप्रिलपासून पैसे लावले. जेलिफिनमध्ये फोल्डर दाखवला की ते सिनेमाचं पोस्टर, कलाकार, सगळं इंटरनेटवरून शोधून लावतं. मराठी सिनेमांच्या बाबतीत कधीकधी भलतंच पोस्टर चिकटतं, ते हातानं बदलावं लागतं. टीव्हीवर ॲप टाकलं की बाबांसाठी तो आणखी एक ओटीटी.

आता त्यात टाकायचं काय, हा नाजूक विषय. टेलिग्रामवरून उतरवलेला परवाचा सिनेमा स्वतःच्या सर्व्हरवर ठेवला म्हणून तो कायदेशीर होत नाही, एवढं बोलून थांबते. पण हक्काचं भरपूर असतं. भारतात सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. त्यामुळे १९३६ चा ‘संत तुकाराम’ किंवा १९५३ चा ‘श्यामची आई’ हे सिनेमे म्हणून आता सगळ्यांचे आहेत. (त्यातल्या लेखनाचे हक्क वेगळे मोजतात, तेव्हा कापून रील बनवताना जपून.) आणि खरा खजिना कपाटात असतो. आई-बाबांच्या लग्नाच्या व्हिडिओवरून केलेली डीव्हीडी, स्नेहसंमेलनाची सीडी, काकानं हँडीकॅमवर काढलेली मुंज. या चकत्या कायम टिकत नाहीत. आमच्या लग्नाच्या दोन डीव्हीडींपैकी एक अर्ध्यात अडकते, नेमकी मंगलाष्टकांत. जी चालत होती ती हँडब्रेक नावाच्या फुकट सॉफ्टवेअरनं एमपी४ मध्ये आणली. त्या रविवारी घरात दुसरं काही लागलं नाही. अर्धे पाहुणे कोण आहेत यावरून मोठी चर्चा झाली.

पुण्यातून साताऱ्यात

घराबाहेरून सर्व्हर गाठायचा म्हटलं की बरेच जण अडतात. आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट कंपन्या शेकडो ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे पत्र सोसायटीच्या नावानं येतं, फ्लॅट नंबर नसतो, आणि वॉचमन ते परत पाठवतो. राउटरच्या पानावर तुमचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यानचा दिसला, तर तुम्ही त्या सोसायटीत राहता. मग पोर्ट फॉरवर्डिंगचे कितीही व्हिडिओ बघितले तरी उपयोग नाही.

मला विचाराल तर ही अडचण बरीच आहे. ती आपल्याला चुकीचा सोपा रस्ता धरू देत नाही. चांगला रस्ता टेलस्केलसारख्या सोयीचा. सर्व्हरवर आणि फोनवर एकाच खात्यानं ते टाकलं की दोघांमध्ये एक खासगी बोगदा तयार होतो. बाहेरच्या जगाला सर्व्हर दिसतच नाही. वैयक्तिक वापराला फुकट आहे, सीजीनॅटमधूनही चालतं. पीजीच्या वायफायवर बसून मी घरचा फोल्डर असाच उघडते.

दार सताड उघडं ठेवलं तर काय होतं? २०२२ च्या जानेवारीत ‘डेडबोल्ट’ नावाच्या रॅन्समवेअरनं इंटरनेटवरून थेट दिसणारे क्यूनॅप कंपनीचे घरगुती सर्व्हर शोधून त्यातल्या फाइली कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. त्याच वर्षीची लास्टपासची गोष्ट तर अभ्यासक्रमात घालावी अशी आहे. ही लोकांचे पासवर्ड सांभाळणारी कंपनी. हल्लेखोर तिच्या एका इंजिनीअरच्या घरच्या कम्प्युटरमध्ये शिरले, ते तिथल्या प्लेक्स मीडिया सर्व्हरमधल्या त्रुटीतून. ती त्रुटी प्लेक्सनं २०२० च्या मे महिन्यातच दुरुस्त केली होती. त्या इंजिनीअरनं अपडेटच टाकलं नव्हतं. तिथून पुढे ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपपर्यंत ते पोचले. डेबियनमध्ये सुरक्षेची अपडेट आपोआप घ्यायची सोय आहे, ती चालू ठेवा. जेलिफिन आणि इमिचची महिन्यातून एकदा हातानं बघा. इमिचमध्ये बदल भराभर होतात, तेव्हा काय बदललंय ते वाचून मगच.

एक म्हणजे शून्य

सर्व्हर उभा राहिला की वाटतं, झालं, आता सगळं सुरक्षित. नाही. सगळं फक्त एका डिस्कवर आलंय, आणि डिस्क मरतात. दोन डिस्क लावून एकावरचं आपोआप दुसरीवर उमटवायची सोयही असते. पण भावानं फोल्डर डिलीट केला तर तो दोन्हीकडून एकदमच जातो. तो बॅकअप नाही.

डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात, कारण सुरुवातीच्या काळात त्याची धुरा सांभाळणारा ब्रूस पेरेन्स पिक्सारमध्ये कामाला होता. सध्याची १३ वी आवृत्ती ट्रिक्सी. याच पिक्सारमध्ये १९९८ साली कुणीतरी एक डिलीटची कमांड चुकीच्या जागी चालवली आणि ‘टॉय स्टोरी २’ डोळ्यांदेखत पुसला जाऊ लागला. पात्रं, सेट, बहुतेक सगळं गेलं. बॅकअप काढला, तर तो कित्येक दिवस नीट होतच नव्हता. ते कुणी तपासलंच नव्हतं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या टेक्निकल डायरेक्टरमुळे. त्यांचं बाळ लहान होतं, त्या घरून काम करत होत्या, म्हणून त्यांच्या घरच्या मशिनवर एक प्रत होती. ते मशिन ब्लँकेटात गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवरून ऑफिसात आणलं. (गंमत म्हणजे पुढे पिक्सारनं कथेचा मोठा भाग स्वतःच रद्द करून नव्यानं केला. सिनेमा १९९९ मध्ये आला.)

फोटोग्राफर पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ चा नियम यासाठीच आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. आमच्याकडे पहिली प्रत टीव्हीखाली. दुसरी आरसिंक नावाचं सॉफ्टवेअर रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर काढतं. हेही त्या सांबावाल्या ट्रिजेलचंच, पीएचडीच्या प्रबंधात आहे. भावाच्या कारभारासाठी त्यात पुसलेल्या फाइली महिनाभर बाजूला ठेवायला सांगितलंय. आजीच्या ओव्यांसारख्या मोजक्या फाइली क्लाउडवरही आहेत, वर म्हटलं तसं माझं गुगलशी भांडण नाही.

घराबाहेरची डिस्क कराडला मामाकडे, कपाटात असते. वर्षातून दोनदा, गणपतीत आणि दिवाळीत, ती बदलून आणायची. ही डिस्क मी मुद्दाम एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केली. मामाकडे विंडोज आहे, आणि ईएक्सटी४ ची डिस्क त्याला लावली की विंडोज सरळ ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. मामा भिडस्त आहे, तो ‘हो’ म्हणेल. गणपतीत ती त्याच्या लॅपटॉपला जोडून दोन-चार फाइली उघडून बघितल्या, सगळ्या उघडल्या. दिवाळीत जाईन तेव्हा त्याच्या लग्नाच्या दोन व्हीएचएस कॅसेट आणायच्या आहेत. चालणारा व्हीसीआर कुणाकडे असेल तर सांगा.